पीएम किसान आणि नमो शेतकरीचे पैसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावात मी सेवा केंद्र चालवतो. हप्ता सुटल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असतात. कोणाच्या हातात पासबुक, कोणाच्या हातात पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. अडकलेले पैसे बहुतेक वेळा कोणी खाल्लेले नसतात. नावात, बँकेच्या जोडणीत किंवा सातबाऱ्यात कुठेतरी गाठ बसलेली असते. ती कुठे बसली आहे ते आधी बघायचं आणि मगच कार्यालयाची पायरी चढायची.

या दोन योजना एकच आहेत का?

नाही. पीएम किसान सन्मान निधी केंद्र सरकारचा. तो १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर झाला आणि १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरला गेला. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्याच शेतकऱ्यांना मिळायचा, जून २०१९ पासून ती अट गेली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, दर हप्ता २,०००.

नमो शेतकरी महासन्मान निधी राज्याचा. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला आणि पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीच्या कार्यक्रमात सुटला. तेही वर्षाला ६,०००. दोन्ही मिळून १२,००० होतात.

नमोसाठी वेगळा अर्ज भरावा लागत नाही. पीएम किसानच्या यादीवरूनच राज्य पैसे देतं. म्हणजे पीएम किसानचा हप्ता अडकला की नमोचाही अडकतो, आणि एक दुरुस्ती केली की दोन्हीकडची वाट मोकळी होते. "नमोचा फॉर्म भरून देतो" म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

हप्ता नेमका कधी येतो?

कागदावर तीन काळ ठरलेले आहेत: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. तारीख मात्र ठरलेली नसते. सोळावा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ ला आमच्या यवतमाळातूनच सुटला. त्याच कार्यक्रमात नमोचा दुसरा आणि तिसरा हप्ता एकदम दिला गेला, राज्यातल्या सुमारे ८८ लाख शेतकऱ्यांना मिळून जवळपास ३,८०० कोटी रुपये. अठरावा ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीममधून सुटला. विसावा जुलैअखेर अपेक्षित होता, तो २ ऑगस्ट २०२५ ला आला. एकविसावा १९ नोव्हेंबर २०२५ ला कोइम्बतूरमधून सुटला. नमोचा हप्ता केंद्राच्या हप्त्याबरोबरच येईल असं नाही, कधी महिना-दोन महिने मागे राहतो.

म्हणून कृषी केंद्रवाल्याला "हप्ता आला की देतो" असा तारखेचा वायदा करू नका. पेरणीच्या तोंडावर हे पैसे यावेत असं मलाही मनापासून वाटतं, पण त्यांच्या भरवशावर बियाणं ठरवलं तर फसगत होते.

शेजाऱ्याला आले, मला नाही आले. आधी काय करायचं?

तहसीलला जायच्या आधी स्टेटस बघा. पीएम किसानच्या पोर्टलवर किंवा ॲपवर "नो युवर स्टेटस" आहे. तिथे नोंदणी क्रमांक टाकायचा, आपल्याकडचा एमएच या अक्षरांनी सुरू होतो. क्रमांक माहीत नसेल तर मोबाइल नंबर किंवा आधारवरून तिथेच शोधता येतो. ओटीपी टाकला की पान उघडतं.

त्या पानावर तीन ओळी शोधा: ई-केवायसी (म्हणजे आधारवरून ओळखीची खातरजमा), आधार-बँक सीडिंग (आधारची बँक खात्याशी जोडणी), लँड सीडिंग (जमिनीच्या नोंदीची जोडणी). तिन्हींपुढे "येस" असलं पाहिजे. ज्या ओळीपुढे "नो" आहे, तुमचं काम तिथेच आहे. ई-केवायसीचं काम मोबाइलवर किंवा सेवा केंद्रात होतं. बँक सीडिंगसाठी बँकेत जावं लागतं आणि जमिनीचं काम महसूल खात्याकडे असतं. लोक बँकेचं काम घेऊन तलाठ्याकडे जातात आणि जमिनीचं काम घेऊन बँकेत. दिवस जातो, मजुरी बुडते. त्या पानाची प्रिंट घेऊन योग्य टेबलावर ठेवली तर बरंच बोलणं वाचतं.

माझं आधार बँकेला लिंक आहे, तरी सीडिंग "नो" का दाखवतं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

बँकेने तुमच्या खात्यावर आधार नंबर नोंदवणं वेगळं आणि सरकारी पैसे त्या खात्यात येण्यासाठी आधार जोडणं वेगळं. दुसऱ्या जोडणीची नोंद एनपीसीआय नावाच्या संस्थेकडे असते. एका आधार नंबरापुढे तिथे एकाच बँकेचं नाव राहतं. सरकार पैसे पाठवतं ते आधार नंबरावर, खाते क्रमांकावर नाही. त्या नंबरापुढे ज्या बँकेचं नाव असेल तिकडे पैसे जातात, आणि सगळ्यात शेवटी ज्या बँकेने जोडणी केली तिचं नाव तिथे असतं.

आमच्या घरचंच सांगतो. आईचे दोन हप्ते आले नाहीत. स्टेटसवर पैसे जमा झाल्याचं दिसत होतं, पासबुकात मात्र काहीच नाही. आम्ही बँकेत तीन चकरा मारल्या. शेवटी आईलाच आठवलं, बचत गटाच्या कर्जासाठी तिने दुसऱ्या एका बँकेत खातं उघडलं होतं आणि तेव्हा एका कागदावर अंगठा दिला होता. त्या कागदात "सरकारी अनुदान या खात्यात घ्यावे" अशी एक ओळ होती. चार हजार रुपये तिथे पडून होते. कोणी ते चोरले नव्हते, पण ती ओळ तिला कोणी वाचूनही दाखवली नव्हती.

म्हणून आधी आधारच्या पोर्टलवर "बँक सीडिंग स्टेटस" बघा. तुमचं आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे आणि जोडणी चालू आहे का, ते तिथे कळतं. दुसरी बँक दिसली तर त्या बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या, पैसे बहुतेक तिथेच सापडतील. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि "डीबीटीसाठी आधार सीडिंग करून द्या" हेच शब्द वापरा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं). नुसतं "आधार लिंक करा" म्हटलं तर पहिल्या प्रकारची नोंद होते आणि प्रश्न तसाच राहतो. जवळ बँक नसेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं उघडा. पोस्टमन घरी येऊनही ते उघडून देतो.

बोटांचे ठसे उमटत नाहीत. ई-केवायसी कशी होणार?

गेल्या हंगामात एक आजी आल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, पण अजून कापूस वेचायला जातात. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी बोटांची पेरं फाटलेली, त्यांत माती बसलेली. मशीनवर दहाही बोटं ठेवून पाहिली. हात धुऊन, खोबरेल तेल लावून, पुसून पुन्हा ठेवली. दर वेळी लाल दिवा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा, मुलगा पुण्याला कंपनीत, आणि त्याने तो नंबर कधीच बंद केलेला. म्हणजे ओटीपीचाही रस्ता बंद.

अशांसाठी जून २०२३ पासून चेहऱ्यावरून ई-केवायसीची सोय आहे. पीएम किसानचं ॲप आणि त्याच्यासोबत आधारचं फेस आरडी ॲप मोबाइलवर लागतं. आजींना दारात उजेडाकडे तोंड करून बसवलं. "माय, डोळे मिचकाव," म्हटलं. त्या आधी लाजल्या, मग पदर सारखा करून मिचकावले. हिरवी खूण आली.

ठसाही लागत नाही, ओटीपीही लागत नाही. शिवाय एका शेतकऱ्याला आपल्या मोबाइलवरून आसपासच्या शंभर शेतकऱ्यांची ई-केवायसी करता येते. गावात चांगला फोन असलेल्या पोरांनी हे काम हाती घ्यावं. अंथरुणावरच्या माणसाला गाडीत घालून तालुक्याला आणायची गरज नाही.

लँड सीडिंग "नो" आहे. सातबारा तर माझ्याच नावावर आहे!

मग तुमच्या सातबाऱ्याची माहिती पोर्टलवरच्या नोंदीशी जुळलेली नाही. कधी गट नंबर चुकलेला असतो, कधी आधारवर "विठ्ठल" आणि सातबाऱ्यावर "विठोबा" असतं. ताजा सातबारा, आठ-अ आणि आधारची प्रत घेऊन तहसील कार्यालयातल्या पीएम किसानच्या टेबलावर अर्ज द्या आणि पोच घ्या. नाव आधारप्रमाणे दुरुस्त करण्याची सोय पोर्टलवरही आहे.

वडील वारले. त्यांचा हप्ता आता आईला किंवा मला मिळेल का?

त्यांचा हप्ता तसाच पुढे चालू राहत नाही. मृत्यूची माहिती कृषी कार्यालयाला कळवायची असते. नंतर आलेले हप्ते तसेच उचलत राहिलात तर ते परत मागितले जातात. वारसाला नव्याने नोंदणी करावी लागते.

त्यासाठी सातबाऱ्यावर वारसांची नावं चढलेली हवीत. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज द्या किंवा ई-हक्क पोर्टलवरून करा. फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मग नवा सातबारा, तो फेरफार, मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड आणि पती, पत्नी व मुलांची आधार कार्डं लावून नोंदणी करायची. योजनेत जमिनीच्या मालकीसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरलेली आहे, पण वारसाहक्काने नंतर आलेली जमीन तिला अपवाद आहे. "आता तारीख गेली" असं सांगून कोणी परत पाठवलं तर मार्गदर्शक सूचनांमधला हा अपवाद दाखवा.

इथे थोडं थांबून सांगतो. आमच्या जिल्ह्याला शेतकरी आत्महत्यांचं दुःख जुनं आहे. तिशी-पस्तिशीतल्या बायका वारस नोंदीचा कागद घेऊन येतात. नवरा गेल्यावर दीर, सासरे "बघू पुढे" म्हणतात, आणि पुढे बघता बघता चार वर्षं निघून जातात. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून तिला हप्ता नाही, पीक कर्ज नाही, अतिवृष्टीचं अनुदान नाही, विम्याचे पैसे नाहीत. वावरात मात्र तीच राबते. ताई, नवऱ्याच्या जमिनीत तुमचा आणि लेकरांचा हिस्सा कायद्याने आहे. वारस नोंदीचा अर्ज देण्यासाठी घरातल्या कोणाची परवानगी लागत नाही. २०२५ मध्ये महसूल खात्याने "जिवंत सातबारा" ही मोहीमच मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी चालवली. तुमच्या गावात ती नोंद राहून गेली असेल तर आजच अर्ज द्या.

नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन आहे. दोघांना मिळेल का?

नाही. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं. त्या कुटुंबाला एकच लाभ. दोघांच्या नावाने हप्ते येत असतील तर संशयित म्हणून ते रोखले जातात आणि प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत सुटत नाहीत. तेव्हा एकाने पोर्टलवरून लाभ स्वतःहून सोडावा आणि दुसऱ्याचा चालू ठेवावा.

पण हप्ता एकालाच मिळतो म्हणून बायकोचं नाव सातबाऱ्याला लावायचं टाळू नका. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम चालवला, गावोगाव नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. ते काम या २,००० रुपयांपेक्षा फार मोठं आहे.

भावाभावांचा सामाईक सातबारा असेल आणि १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून प्रत्येकाचं नाव त्यावर असेल, तर प्रत्येक भावाचं कुटुंब वेगळं धरलं जातं.

२०१९ नंतर जमीन विकत घेतली. मिळेल?

खरेदीने किंवा बक्षीसपत्राने नंतर आलेल्या जमिनीवर नाही. अशी काही नावं आधी यादीत गेली होती, तीही पडताळणीत रोखली जात आहेत.

मी मक्त्याने शेती करतो. माझं काय?

पैसे जमीनमालकाला मिळतात, कसणाऱ्याला नाहीत. या योजनेतली मला सगळ्यात खुपणारी गोष्ट हीच आहे. मक्त्याची रक्कम आगाऊ भरायची, फवारणीचं औषध उधारीवर आणायचं, पाऊस गेला तर नुकसान सोसायचं ते कसणाऱ्याने, आणि हप्ता शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात. सध्याच्या नियमांत यावर उपाय नाही. वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळालेले शेतकरी मात्र पात्र आहेत. आमच्या झरी आणि केळापूर भागातल्या कोलाम आणि गोंड बांधवांनी तो पट्टा जपून ठेवावा आणि नोंदणी जरूर करावी.

घरात नोकरी, पेन्शन किंवा आयकर असेल तर?

सरकारी, निमसरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेतला नियमित कर्मचारी कुटुंबात असेल तर लाभ नाही. चतुर्थ श्रेणीतल्यांना यातून सूट आहे. महिना १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन असेल तरी नाही, तिथेही चतुर्थ श्रेणीला सूट. आजी-माजी आमदार, खासदार, मंत्री, महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष, आणि नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए हे सगळे बाहेर. मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरला असेल तरीही नाही. इथे एक फरक लक्षात ठेवा. कर्जासाठी नुसतं रिटर्न भरलं आणि कर शून्य होता, तर त्याला आयकर भरला असं म्हणत नाहीत. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं एवढंच कुटुंब धरत असल्याने कमावत्या मोठ्या मुलाची नोकरी बापाच्या आड येत नाही.

पैसे परत करा अशी नोटीस आली आहे.

घाबरू नका, पण नोटीस पेटीत टाकूनही देऊ नका. खरंच अपात्र असाल तर तहसीलमध्ये किंवा पोर्टलवरून रक्कम भरा आणि पावती कायमची जपा. नोटीस चुकीची वाटत असेल तर पुराव्यासह लेखी उत्तर द्या. एजंटाच्या हातात रोख रक्कम देऊ नका. तशी दिलेली रक्कम सरकारजमा झाल्याचा कोणताही पुरावा तुमच्याकडे राहत नाही.

फार्मर आयडी लागतो का?

लागतो. ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीतला हा ११ अंकी क्रमांक तुमचं आधार आणि तुमच्या नावावरचे गट एकत्र बांधतो. राज्यात कृषी खात्याच्या योजनांसाठी तो १५ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक केला आहे. काढताना वेगवेगळ्या गावांतले आपले सगळे गट जोडले गेले आहेत का ते स्वतः बघून घ्या. एखादा गट राहिला तर पुढे नुकसानभरपाईच्या वेळी तोच आठवतो.

स्टेटसवर "एफटीओ जनरेटेड" दिसतं. म्हणजे पैसे आले का?

अजून नाही, वाटेत आहेत. "आरएफटी साइन्ड बाय स्टेट" म्हणजे राज्याने तुमचं नाव तपासून पैसे सोडण्याची विनंती केंद्राकडे पाठवली. "एफटीओ जनरेटेड" म्हणजे पैसे पाठवण्याचा आदेश तयार झाला. त्यानंतर रक्कम खात्यात पडते. इथे तुम्हाला काही करायचं नसतं.

लाडकी बहीण आणि नमो शेतकरी दोन्ही मिळतात का?

ज्या बहिणींना पीएम किसान आणि नमो मिळून महिन्याला सरासरी १,००० रुपये मिळतात, त्यांना लाडकी बहीणमधून १,५०० च्या जागी ५०० रुपये दिले जातात. मंत्री आदिती तटकरे यांनी एप्रिल २०२५ मध्ये हेच स्पष्ट केलं होतं. म्हणून कोणाच्या खात्यात अचानक ५०० दिसले तर नाव कापलं गेलं असं समजू नका.

मोबाइलवर "पीएम किसान" नावाची फाइल आली आहे. उघडू का?

नको. वॉट्सॲपवर येणारी ती एपीके फाइल उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि खातं रिकामं होतं. फाइल गावच्याच ग्रुपवर, ओळखीच्या माणसाच्या नावाने येते, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. चुकून उघडली असेल तर लगेच फोनचं इंटरनेट बंद करा, बँकेला सांगून खातं गोठवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या तासात केलेला फोन पैसे वाचवू शकतो.

रक्कम वाढणार का?

मागणी जुनी आहे. संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राची रक्कम वर्षाला १२,००० करण्याची शिफारस केली होती. ती रास्त आहे असं मला वाटतं. २०१८-१९ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,३९९ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ५,३२८ आहे. खत, मजुरी, डिझेल सगळं वाढलं, हे ६,००० मात्र सुरुवातीला होते तितकेच राहिले. तरीही भाषणातल्या आकड्यावर हिशेब मांडू नका, शासन निर्णय निघाला की मगच धरा.

तक्रार कुठे करायची?

पीएम किसानची हेल्पलाइन १५५२६१. नवीन नोंदणीच्या मंजुरीसाठी तालुका कृषी अधिकारी, सातबाऱ्याच्या कामासाठी तहसील, गावात भेटतील ते कृषी सहायक, ज्यांना आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात. तोंडी सांगून येऊ नका. अर्ज दोन प्रतींत लिहा, एक तिथे द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घ्या. लिहिता येत नसेल तर आमच्याकडे या, आम्ही लिहून देतो. येताना आधार, पासबुक, ताजा सातबारा आणि ओटीपी येणारा फोन आणा, आणि फोन चार्ज करून आणा.